टीएलआर४: विष न चढणाऱ्या उंदराची हकिकत

टीएलआर४ हे प्रथिन मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशींच्या आवरणात रुतलेलं असतं, थोडं बाहेर, थोडं आत. ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस) नावाचा रेणू असतो. तो टीएलआर४च्या हाती लागला की पेशी आतून खडबडून जागी होते, टीएनएफसारखी दाह चेतवणारी रसायनं सोडते, ताप चढतो. प्रमाण हाताबाहेर गेलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस सेप्टिक शॉकमध्ये जातो. हे सगळं आता पाठ्यपुस्तकात आहे. पण विष सापडल्यापासून ते ओळखणारं प्रथिन सापडेपर्यंत १०६ वर्षं गेली.

विष सापडलं १८९२ साली, बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जिवाणूंवर काम करत होते. उष्णता देऊन मारलेले जिवाणू टोचले तरी गिनिपिग दगावत. म्हणजे जिवाणू मेला तरी विष शाबूत होतं. ते जिवाणूच्या पोटात दडलेलं असणार असं समजून त्याचं नाव पडलं एंडोटॉक्सिन, अर्थात अंतर्विष. गंमत अशी, की ते पोटात नसून बाहेरच्या आवरणातच असतं. नाव चुकीचं पडलं आणि तसंच रूढ झालं. पुढे १९५२ साली ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्युडेरिट्झ यांनी फेनॉल आणि पाणी वापरून एलपीएस बऱ्यापैकी शुद्ध काढण्याची पद्धत दिली. त्यातला लिपिड ए हा मेदाचा भागच खरा विषारी, हे १९८५ साली प्रयोगशाळेत बनवलेल्या लिपिड ए वरून पक्कं झालं.

विषाची रचना कळली, पण पेशीला ते कळतं कसं, याचा पत्ता नव्हता. १९९० साली सीडी१४ हे प्रथिन एलपीएसला धरतं असं दिसलं. मात्र त्याला पेशीच्या आत जाणारं टोकच नाही. दारावर आलेल्याला धरून ठेवणारा, पण घरात हाक न देणारा असा हा प्रकार. घोडं तिथेच अडलं.

या कोड्याची किल्ली १९६०च्या दशकापासून पिंजऱ्यात फिरत होती. सी३एच/एचईजे या जातीच्या उंदरांना एलपीएस टोचलं तरी ते ताकास तूर लागू देत नसत. त्यांच्याच भाऊबंदांना, म्हणजे सी३एच/एचईएन उंदरांना, तेवढ्याच मात्रेत मरण यायचं. ऐकायला हे वरदान वाटतं. प्रत्यक्षात जिवंत साल्मोनेलाचा थोडासा डोसही या ‘विषप्रूफ’ उंदरांचा घात करी. इतर उंदीर आजारी पडत होते कारण त्यांना शत्रूची चाहूल लागत होती. यांना ती लागतच नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं निरीक्षण हेच आहे. बिघाड चौथ्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे, एवढं १९७०च्या दशकातच ठाऊक झालं होतं.

दुसरा धागा थेट माशीपासून निघतो, आणि त्याचा जिवाणूंशी सुरुवातीला काडीचाही संबंध नव्हता. फळमाशीच्या गर्भात पाठ कुठे आणि पोट कुठे हे ठरवणारं एक जनुक ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली वर्णिलं. त्याचं नाव टोल. जर्मनमध्ये ‘टोल’ म्हणजे ‘भन्नाट!’. विचित्र अळ्या पाहून निघालेला उद्गारच नाव होऊन बसला, असं सांगतात.

१९८९ साली येल विद्यापीठातले रोगप्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी आपल्याच क्षेत्राचं एक ‘घाणेरडं गुपित’ चव्हाट्यावर मांडलं. नुसतं शुद्ध प्रथिन टोचून रोगप्रतिकारशक्ती नीट जागी होत नाही. सोबत मेलेल्या जिवाणूंचा मसाला घालावा लागतो, आणि तो का लागतो हे कोणी विचारत नाही. जेनवे यांचा तर्क असा, की जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे उपजत ग्राही (रिसेप्टर, म्हणजे खूण पकडणारी प्रथिनं) शरीरात असलेच पाहिजेत. तेव्हा हाती पुरावा नव्हता, फक्त तर्क होता.

१९९६ साली स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी दाखवलं, की टोल निकामी असलेली माशी बुरशीपुढे टिकत नाही. त्या शोधनिबंधातलं मेलेल्या माशीचं छायाचित्र एकदा पाहिलं की विसरत नाही: अंगभर बुरशीचे तंतू फुटलेले, जणू केस उगवलेत. पुढच्याच वर्षी रुस्लान मेझितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातला टोलचा भाऊ शोधला. तोच पुढे टीएलआर४, म्हणजे ‘टोल-लाइक रिसेप्टर ४’ (टोलसारखा ग्राही), म्हणून ओळखला गेला. पण तो नेमकं काय ओळखतो, हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

उत्तर उंदराकडून आलं. डॅलसमध्ये ब्रूस ब्यूटलर यांचा गट बिघडलेलं जनुक शोधायला चौथ्या गुणसूत्राचा तो पट्टा वर्षानुवर्षं चाळत होता. १९९८ साली जनुक हाती लागलं: टीएलआर४. सी३एच/एचईजे उंदरात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिनाच्या पेशीतल्या टोकात ७१२व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं होतं. बस्स, तेवढ्यावर संदेश तुटला. अ‍ॅलेक्झांडर पोल्टोरॅक पहिले लेखक असलेला हा निबंध डिसेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

त्याच वर्षी एलपीएसचा ग्राही टीएलआर२ आहे, असेही दावे छापून आले होते. त्या प्रयोगांतलं ‘शुद्ध’ एलपीएस पुरेसं शुद्ध नव्हतं. त्यात मिसळलेली जिवाणूंची लिपोप्रथिनं टीएलआर२ ला चाळवत होती. १९९९ साली जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने टीएलआर४ काढून टाकलेले उंदीर तयार केले. एलपीएसचा त्यांच्यावरही परिणाम झाला नाही, आणि वाद मिटला. त्याच वर्षी एमडी-२ हे जोडीदार प्रथिनही सापडलं. २००९ साली या जोडीची स्फटिकरचना आली, तेव्हा दिसलं की लिपिड ए च्या मेदाच्या सहा शेपट्यांपैकी पाच एमडी-२ च्या खिशात शिरतात आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या टीएलआर४ ला जवळ ओढते. दोन प्रथिनं जुळली की संदेश आत जातो. प्लेगच्या जिवाणूने यातली मेख हेरल्यासारखी दिसते: सस्तन प्राण्याच्या उबेत तो मुख्यतः चार शेपट्यांचा लिपिड ए बनवतो आणि पहाऱ्यातून निसटतो.

२०११ चं वैद्यकाचं नोबेल ब्यूटलर आणि हॉफमन यांच्यासह राल्फ स्टाइनमन यांना मिळालं. जेनवे २००३ सालीच गेले होते. त्याच २०११ मध्ये टीएलआर४ अडवणारं एरिटोरान हे औषध सेप्सिसच्या (संसर्गाने शरीरभर उसळणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेच्या) मोठ्या चाचणीत नापास झालं. उलट बाजू मात्र कामी आली. साल्मोनेलाच्या लिपिड ए चं विष बोथट करून बनवलेला एमपीएल हा पदार्थ टीएलआर४ ला हलकेच डिवचतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या सर्व्हॅरिक्स लशीत आणि नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत तोच मसाला आहे.