बिल्ट-इन टाइपपासून इनहेरिटन्स

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये नवा क्लास लिहिताना त्याचा पॅरेंट, म्हणजे ज्याच्या मेथड (क्लासमधली फंक्शन्स) त्याला वारशाने मिळतात तो क्लास कोण, हे ठरवावं लागतं. भाषेसोबत तयार मिळणारा लिस्ट, डिक्ट (नावावरून किंमत शोधून देणारा संग्रह), स्ट्रिंग असा टाइप घ्यायचा, का साधा ऑब्जेक्ट घेऊन हवं ते आपणच लिहायचं. पायथनमध्ये 2.2 व्हर्जन (2001) येईपर्यंत पहिला पर्याय नव्हताच, म्हणून तर यूझरडिक्ट हा क्लास दिलेला होता, ज्याच्या पोटात खरा डिक्ट असायचा. पायथन 3 मध्ये पॅरेंट लिहिला नाही तरी क्लास ऑब्जेक्टपासूनच येतो.

डिक्टपासून क्लास काढला की सगळ्या मेथड आयत्या मिळतात आणि गोची तिथेच होते. समजा, नावाच्या मागच्यापुढच्या स्पेस काढून टाकणारा डिक्ट हवाय म्हणून तुम्ही सेटआयटम (चौकटी कंसातून किंमत साठवताना चालणारी मेथड) ओव्हरराइड केलं, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलं. चौकटी कंसातून ' नाव ' टाकलं तर 'नाव' असंच साठतं, मस्त. पण तेच अपडेटने टाका किंवा ऑब्जेक्ट बनवतानाच द्या, स्पेससकट जाऊन बसतं, ना एरर ना वॉर्निंग, आणि मग नंतर 'नाव' शोधायला गेलं की सापडत नाही. कारण सीपायथनमधला (पायथनचं नेहमी वापरलं जाणारं रूप) डिक्ट सी भाषेत लिहिलाय, त्याच्या मेथड आतल्या आत थेट काम उरकतात, तुमचं सेटआयटम वाटेत येतच नाही. गेटसुद्धा तुमच्या गेटआयटमला (चौकटी कंसातून वाचताना चालणारी मेथड) विचारत नाही.

लिस्टचं आणखी वेगळं, तिच्या सबक्लासचा (तिच्यापासून काढलेल्या क्लासचा) स्लाइस, म्हणजे एक तुकडा घेतला तर हातात साधी लिस्ट येते. रुबीनेही 3.0 पासून स्ट्रिंग आणि ॲरेच्या मेथडना असंच करायला लावलं. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ॲरेच्या सबक्लासवर मॅप (प्रत्येक घटकावर एक फंक्शन चालवणारी मेथड) चालवलं तर सबक्लासच परत मिळतो. जावाची स्ट्रिंग फायनल आहे, म्हणजे तिचा सबक्लास काढताच येत नाही, तिथे विषयच संपला.

माझ्या मते आहे ती वागणूक बदलायची असेल तर बिल्ट-इनला हात लावूच नये, फक्त एखादी नवी मेथड जोडायची असेल तर ठीक. पायथनमध्ये म्युटेबलमॅपिंग (डिक्टसारख्या क्लाससाठी पायथनने दिलेला साचा) पॅरेंट म्हणून घ्या, गेटआयटम, सेटआयटम, डेलआयटम, इटर आणि लेन या पाच मेथड लिहा, इनिट (ऑब्जेक्ट बनवताना चालणारी मेथड) आपलं आपण लिहा, बाकी गेट, अपडेट, पॉप वगैरे सगळं याच पाचांमधून जातं, त्यामुळे ती स्पेस कुठूनही आली तरी निघतेच. एक अडचण उरते, जेसन मॉड्यूल (डेटा जेसन या मजकुराच्या रूपात बदलणारं) असला ऑब्जेक्ट घेत नाही कारण ते खरा डिक्ट किंवा त्याचा सबक्लासच ओळखतं, तेव्हा तिथे देण्याआधी डिक्टमध्ये बदलून द्यावं लागतं.