करंगळीच्या नखाएवढा सेन्सर आणि सोलापूरचं ऊन

कपाटाच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेले छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा बाहेर येऊ लागले आहेत. कॉलेजातली मुलं बाबांकडून मागून घेतात, गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेला, घेऊन जातात आणि ‘फोनसारखा फोटो येत नाही’ म्हणून खूश होतात. 2010 साली जगभरात 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक असेच खिशात मावणारे. 2023 साली सगळ्या जातींचे मिळून 80 लाखही भरले नाहीत. त्यामुळे आज हातात येतो तो कॅमेरा बहुधा दहा-पंधरा वर्षं जुना. आणि तो दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: किती मेगापिक्सेल?

या प्रश्नाचा उपयोग थोडाच. विचारायचंच असेल तर सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, केवढा आहे आणि त्याच्यापर्यंत उजेड किती पोचतो, हे विचारावं. ते तपासायला सोलापूरसारखं गाव नाही. इथे ऊन अतोनात, धूळ भरपूर, जत्रेत पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, म्हणजे बंद बांधून घालायचे अंगरखे, आणि घरोघरी चादरी-टॉवेलांची बारीक वीण. या चारही गोष्टी छोट्या कॅमेऱ्याचा घाम काढतात.

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखापेक्षा लहानच. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो त्या मोठ्या कॅमेऱ्यात तो 36 बाय 24 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तीसपट. मधली एक जात ‘एक इंची’ म्हणून विकली जाते. मोजायला गेलात तर 13.2 बाय 8.8 मिलिमीटर भरते, इंच कुठेच सापडत नाही. पण साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट जागा मात्र खरीच मिळते.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चकाकती चिप. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. चिपवरचा प्रत्येक बारीक कप्पा, म्हणजे पिक्सेल, आपल्या वाट्याचे इलेक्ट्रॉन साठवतो आणि शटर बंद झाल्यावर त्यांची मोजदाद होते. हा साठा रांगेने पुढे सरकवत मोजण्याची युक्ती विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत काढली. तिला सीसीडी म्हणतात. 2009 साली त्या दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. मधल्या काळात, 1975 मध्ये, कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने तीच चिप वापरून पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळं-पांढरं, पिक्सेल जेमतेम 10 हजार, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद.

पिक्सेल फक्त मोजतो, आणि मोजण्यात एक मुळातली अडचण आहे. फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत, कसेही येतात. सरासरी 100 येणार असतील तर कधी 90 येतील, कधी 110. हा चढउतार आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. 100 फोटॉनांत 10 ची गडबड, म्हणजे 10 टक्के. 10 हजार फोटॉन आले तर गडबड 100 ची, म्हणजे फक्त 1 टक्का. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोत वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसतात त्यामागे मुख्यतः हेच कारण. कॅमेरा बिघडलेला नसतो, उजेडच मोजण्याइतका आलेला नसतो. आयएसओ, म्हणजे आलेला उजेड किती पटीने मोठा करून दाखवायचा तो आकडा, वाढवून उजेड वाढत नाही. जे थोडं आलं ते गडबडीसकट मोठं होतं.

आता मेगापिक्सेलकडे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. त्याच नखाएवढ्या जागेत 16 मेगापिक्सेल कोंबले तर एका पिक्सेलची रुंदी सुमारे 1.3 मायक्रॉन उरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि भिंग कितीही चांगलं असलं तरी प्रकाशाच्या लहरींमुळे एक बिंदू बिंदूएवढाच उमटत नाही, त्याची छोटी चकती होते. भिंगाचं तोंड मोठं उघडलं, म्हणजे एफ 2.8 ला, हिरव्या प्रकाशाची ही चकती पावणेचार मायक्रॉनच्या आसपास, तोंड बारीक केलं, म्हणजे एफ 8 ला, साडेदहाच्या वर. म्हणजे चकती एक आणि तिच्यात शेजारशेजारचे कित्येक पिक्सेल तेच ते मोजत बसलेले. खोक्यावरचा मोठा आकडा बराचसा खोक्यापुरताच असतो. अल्बममध्ये लावायचा 4 बाय 6 इंची फोटो छापायला इंचाला 300 ठिपके धरले तरी 22 लाखांहून कमी पिक्सेल पुरतात. जुना 5 मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यासाठी आजही अगदी पुरेसा आहे.

उजेडाच्या बाबतीत मात्र सोलापूरकर श्रीमंत. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे. इतक्या उन्हात छोट्या सेन्सरचीही ओंजळ भरते आणि सिद्धेश्वर तलावाकाठचा फोटो महागड्या कॅमेऱ्याच्या तोडीस तोड येऊ शकतो. अडचण वेगळीच होते. सोलापूरचं अक्षांश साडेसतराच्या किंचित पुढे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. त्या वेळी काढलेल्या फोटोत कपाळ आणि नाक लखलखतं, डोळ्यांच्या खोबणीत मात्र काजळ ओतल्यासारखा अंधार. कडक उन्हातला उजेड आणि अंधार यांतली तफावत एका फोटोत धरण्याची लहान सेन्सरची ताकद कमी पडते. यावर उपाय विचित्र वाटेल: भर उन्हात फ्लॅश लावायचा. दीड-दोन मीटरवरच्या चेहऱ्यावरची सावली तो भरून काढतो. नाहीतर सरळ कडुलिंबाच्या सावलीत उभं राहायचं. मला तरी तेच बरं वाटतं.

गड्ड्याच्या यात्रेत दुसरी परीक्षा. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या भक्तांची दाटी होते. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते माहीत नसतं. समोरून आलेल्या उजेडाची सरासरी काढून ती मधल्या करड्या रंगावर आणायची एवढंच त्याला शिकवलेलं असतं. हा करडा म्हणजे साधारण 18 टक्के प्रकाश परत पाठवणारा. त्यामुळे सगळी चौकट पांढरी असली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवून टाकतो. बाराबंद्या धुवायला टाकल्यासारख्या मळकट दिसतात. त्याच दिवसांत संक्रांतीची काळी साडी नेसलेल्या मावशींचा जवळून फोटो काढा, उलटं होतं: साडी विटलेली, चेहरा फटफटीत. जवळपास प्रत्येक छोट्या कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. अधिक एक म्हणजे दुप्पट उजेड. पांढऱ्या गर्दीला अधिक दोन तृतीयांश किंवा अधिक एक बहुतेक वेळा पुरतं. या एका बटणाने जेवढे फोटो सुधारतात तेवढे नवा कॅमेरा घेऊनही सुधारत नाहीत.

रात्री यात्रेच्या होम मैदानावर गेलात की छोट्या कॅमेऱ्याची खरी दमछाक. आकाशपाळणा फिरतोय, दिवे लखलखतायत, आणि जुन्या सीसीडी कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक दिव्यातून वर-खाली एक गुलाबी-जांभळी रेघ निघालेली. कॅमेरा खराब झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. सीसीडीत इलेक्ट्रॉन रांगेने सरकत असताना दिव्याचा प्रखर उजेड त्या वाटेत झिरपतो आणि रेघ उमटते. प्रत्यक्ष फोटोच्या वेळी शटर बंद होऊन ती वाट झाकली जाते, म्हणून फोटोत रेघ सहसा नसते. व्हिडिओत मात्र राहते.

याच सीसीडीसाठी हल्ली जुने कॅमेरे शोधले जातात, ‘त्याचे रंगच वेगळे’ म्हणून. रंग वेगळे असतात हे खरं, पण श्रेय चिपचं नाही. सिलिकॉनला रंग कळत नाही. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच गाळणीचा तुकडा असतो, हिरवे दुप्पट. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या नावे 1976 साली पेटंट झालेली ही मांडणी. उरलेले दोन रंग कॅमेऱ्यातला संगणक शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. त्या काळच्या कंपन्यांनी हा हिशेब गडद, भडक रंगांकडे झुकवलेला होता, आणि त्यावर भसकन पडणारा फ्लॅश. आवडत असेल तर जरूर वापरा, फक्त ‘सीसीडी’ एवढ्या तीन अक्षरांसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

फ्लॅशचंही थोडं. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो. तीन मीटरवरच्या आजींना जेवढा मिळतो, दहा मीटरवरच्या स्टेजवरल्या नवरा-नवरीला त्याच्या अकरावा हिस्सा. मंगल कार्यालयात मागच्या खुर्चीवरून उडवलेला फ्लॅश फक्त पुढच्या रांगेतली टकलं उजळतो. जत्रेतल्या फोटोंत हवेत तरंगणारे पांढरट गोल दिसले की काही घरांत त्याला दैवी अर्थ चिकटतो. ती धूळ असते. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून बसवलेला असल्यामुळे भिंगासमोरचा धुळीचा कण झगझगून उठतो, आणि फोकसच्या बाहेर असल्याने त्याचा गोल होतो. फ्लॅश बंद करून तोच फोटो घ्या, गोल गायब.

आता खास सोलापुरी प्रकरण. शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेलांचा धंदा करणारी कितीतरी घरं मालाचे फोटो स्वतःच काढून गिऱ्हाइकाला पाठवतात. सरळ विणीच्या कापडावर अचानक इंद्रधनुषी लाटा उमटतात, कापडात नसलेल्या. याला मोआरे म्हणतात. कापडावर धाग्यांची जाळी, सेन्सरवर पिक्सेलांची जाळी. दोन्हींची घडण जवळपास सारखी झाली की त्यांच्या फरकातून तिसरीच मोठी नक्षी जन्मते. हिशेब करून पाहू. समजा धागा आणि शेजारची फट मिळून अर्धा मिलिमीटर, भिंगाचं नाभीय अंतर 6 मिलिमीटर आणि कापड एक मीटरवर. सेन्सरवर ती धागा-फट जोडी तीन मायक्रॉनची होते. जुन्या 5 मेगापिक्सेल कॅमेऱ्यात पिक्सेल सव्वादोन मायक्रॉनचा. एक जोडी नीट ओळखायला निदान दोन पिक्सेल हवेत, म्हणजे साडेचार मायक्रॉन. तेवढी जागा नाही, म्हणून कॅमेरा चुकीची नक्षी काढतो. लाल आणि निळे पिक्सेल तर एकाआड एक, म्हणून त्यांची चूक आणखी मोठी आणि लाटा रंगीत.

उपाय फुकट आहेत. अर्ध्या मीटरवर या, जोडी सहा मायक्रॉनची होते आणि लाटा जातात. उरल्याच तर आणखी थोडं पुढे. किंवा कॅमेरा थोडा तिरका धरा. एक खबरदारी: कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसणारी लाट कधीकधी पडद्याचीच असते, कारण मोठा फोटो छोट्या पडद्यावर आक्रसताना तीच गफलत पुन्हा होते. फोटो पूर्ण मोठा करून बघितल्याशिवाय चादरीला दोष देऊ नये.

फोन असताना हे सगळं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजच्या चांगल्या फोनचा सेन्सर जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा मोठा असतो, आणि तो एका बोटाच्या दाबात अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली की गडबड तिसऱ्या हिश्शावर येते. रात्रीच्या घरगुती फोटोत फोनच जिंकणार. कॉम्पॅक्टची बाजू आहे ती खऱ्या झूमची: भिंगं पुढे-मागे सरकून प्रतिमा मोठी होते, फोटो कापून फुगवला जात नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळवीट टिपायचं तर हा फरक लगेच कळतो. फक्त सकाळी जा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, प्रकाश वाकडातिकडा येतो, आणि जितका झूम जास्त तितकी ती थरथर जास्त दिसते. तिथे भिंग आणि मेगापिक्सेल दोन्ही हतबल.

उन्हाळ्याचा आणखी एक मुद्दा. बहुतेक कॉम्पॅक्टच्या माहितीपुस्तकात वापराचं तापमान 0 ते 40 अंश छापलेलं असतं. सोलापूरचा मे ती रेघ सहज ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीच्या आत तर विचारूच नका. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, फुगतेही. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, फेकायच्याच लायकीची असते, तीही घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात. सेन्सर तापला की अंधारातही त्यात आपोआप इलेक्ट्रॉन सुटतात आणि दर सहा-आठ अंशांना त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. आतषबाजीचे काही सेकंदांचे फोटो म्हणूनच जानेवारीत मेपेक्षा स्वच्छ येतात. धुळीचं म्हणाल तर पुढे-मागे सरकणारं नळीचं भिंग प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, तिथे झूम कमीत कमी हलवा आणि काम झालं की लगेच बंद करा. एकदा सेन्सरवर कण बसला की कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही.

शेवटी, खणातून काढलेला कॅमेरा चार्ज झाल्या झाल्या आधी तारीख तपासा. आतलं घड्याळ चालवायला एक छोटा साठा असतो, मुख्य बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की तो संपतो आणि घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जाऊन थांबतं. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये हीच तारीख लिहिली जाते, आणि संगणक फोटो त्या क्रमाने लावतो. मग यंदाच्या गड्ड्याचे फोटो 2008 च्या जानेवारीत जाऊन बसतात, मुंजीच्या फोटोंच्या शेजारी. ते झालंच असेल तर घाबरू नका: सगळ्या फोटोंच्या तारखा एकदम ठरावीक दिवसांनी पुढे सरकवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. तेवढ्यासाठी कॅमेऱ्याच्या चुकीच्या तारखेचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो आधी काढून ठेवा, किती दिवस सरकवायचे ते त्यातून मोजता येतं.