कलम : बोरूपासून बागेपर्यंत

कोकणातला बागायतदार आंब्याची कलमे लावतो आणि ठाण्यातला पोलीस अंमलदार आरोपीवर कलमे लावतो. क्रियापददेखील दोन्हीकडे एकच असताना ऐकणाऱ्याचा गोंधळ मात्र कधी होत नाही. याखेरीज एखादा साहित्यप्रकार किंवा विचार परभाषेतून आला की त्याला ‘आपल्या मातीतले नव्हे, हे बाहेरचे कलम’ असे म्हणण्याची लेखनात रीत आहे. हा तिसरा अर्थ उघडच बागेतून उचललेला आहे. पण बागेत हा शब्द आला तो लिहिणाऱ्याच्या बैठकीतून.

बोरूला ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणत. अरबीत त्याचा ‘कलम’ म्हणजे लेखणी झाला. कुराणाच्या 68व्या सुरेचे नावच ‘अल्-कलम’ आहे. फारसीने तो घेतला आणि दरबारी व्यवहारातून तो मराठीत उतरला. बोरूचे टोक चाकूने तिरके छाटल्यावाचून त्याने लिहिता येत नाही. ‘शिर कलम करणे’ या प्रयोगात राहिलेला छाटण्याचा अर्थ आणि छाटून लावलेल्या फांदीचा अर्थ, हे दोन्ही या छेदाशीच जोडता येतात, असे मला वाटते. कागदाच्या बाजूने पाहिले तर जुन्या दस्तऐवजांत आणि तहनाम्यांत एकेका बाबीला कलम म्हणू लागले. त्यातून कायद्यातले कलम आणि पोटकलम आले, 1975 सालचा ‘वीस कलमी कार्यक्रम’ आला आणि आजचा ‘एककलमी’ माणूसही आला. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग केला, तरी कलम टिकले ते टिकलेच.

बागेतल्या अर्थाला आपल्याकडे खरे बळ आले ते आंब्यामुळे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांच्या, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या, प्रयत्नांतून आंब्याच्या कलमांचा प्रसार झाला. मानकुराद, फर्नांदीन, मुसराद ही नावे त्या काळाची खूण बाळगतात, आणि हापूस हे नाव 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाशी जोडले जाते. ज्याच्यावर कलम बांधायचे ते मुळासकटचे रोप म्हणजे खुंट आणि वरून जोडायची ती कलमकाडी. भेट कलम, पाचर कलम, कोय कलम हे सारे प्रकार खुंट आणि काडी यांची अंतर्साल एकमेकींना नीट भिडवण्याचेच वेगवेगळे मार्ग आहेत. गुटी कलमात मात्र खुंट नसतो, तिथे फांदीलाच मुळे फोडून घेतात.

रूपक इथेच घसरते. ‘कलम’ म्हणजे उपरे, वरून चिकटवलेले, अस्सल नसलेले, असा जो सूर लेखनात लागतो, तो कलमाची बाग पाहिलेल्या माणसाला पटणार नाही. हापूसची कोय पेरली तर झाडाला हापूसच लागेल याची खात्री नसते. कोयीतून उगवतो तो रायवळ. जातीचे गुण जसेच्या तसे पुढे न्यायचे असतील तर कलमच बांधावे लागते. म्हणूनच बाजारात ‘कलमी आंबा’ ही शिफारस ठरते आणि लेखात ‘कलम’ हा आक्षेप ठरतो. शिवाय कलम जीव धरायचे तर खुंट आणि काडी यांचे गोत्र जुळावे लागते. आंब्याचे कलम फणसावर लागत नाही. केशवसुतांनी 1892 मध्ये चौदा ओळींची इंग्रजी घडण मराठीत आणली, तेव्हा तिला खुंट म्हणून आपली अक्षरगणवृत्ते तयार होती. तिथे कलमाचे रूपक नेमके बसते, आणि तेही दोष म्हणून नव्हे.

याउलट, एक समाज आपली मुळे घेऊन दुसऱ्या प्रदेशात वसला तर त्याला कलम म्हणणे चूकच; ते रोपण होय. त्यासाठी रूपक हवे असेल तर ते कालिदासाने देऊन ठेवले आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूने आधी उखडलेले आणि मग पुन्हा आपल्या जागी बसवलेले वंग राजे त्याच्या पायाशी लवून त्याला भरभरून देतात, आणि कवी त्यांना ‘उत्खातप्रतिरोपित’, म्हणजे उपटून पुन्हा लावलेल्या, भाताची उपमा देतो. त्या भाताचे संस्कृत नावही ‘कलम’च आहे, मात्र हा कलम शेतातला आहे, बोरूशी त्याचे नाते लावण्याचा मोह टाळलेला बरा.