गाडी गॅरेजात, किरायाच्या गाडीचे पैसे कोणाचे?

(दारव्हा-दिग्रस भागातील आमच्या विमा ग्राहकांसाठी)

"भाऊ, फुल इन्शुरन्स हाय न, मंग किरायाच्या गाडीचे पैसे काहून नाही भेटत?" रोही (नीलगाय) आडवी आली, बोनेट चेपलं, की हा प्रश्न आमच्या टेबलावर येतोच. म्हणून एकदाचं छापून देतो.

फुल इन्शुरन्समध्ये दोन भाग असतात, थर्ड पार्टी (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) आणि ओन डॅमेज (तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान). तुमच्या गाडीची दुरुस्ती ओन डॅमेजमधून होते. रोही असो की रानडुक्कर. नुसती थर्ड पार्टी असेल तर दुरुस्तीही तुमच्याच खिशातून. गाडी ओढून गॅरेजला न्यायला मूळ पॉलिसीत कारसाठी १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. पण गाडी दुरुस्त होईपर्यंत तुम्ही यवतमाळला कशाने गेलात, जिनिंगवर कशाने पोचलात, याचा एक रुपयाही त्यात नाही.

त्यासाठी डेली अलाउन्स नावाचं ॲड-ऑन वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि तेही पॉलिसी काढताना. अपघात झाल्यावर ते मिळत नाही.

याचा हिशोब नीट समजून घ्या. समजा रोजचे ५०० रुपये ठरले आहेत, पहिले ३ दिवस वजा आणि जास्तीत जास्त १० दिवस. गाडी ९ दिवस गॅरेजात राहिली तर मिळतील ६ दिवसांचे, म्हणजे ३,००० रुपये. दोन दिवसांत डेंट निघाला तर काहीच नाही. आकडे कंपनीगणिक बदलतात. पार्ट नागपूरहून यायला उशीर झाला तर ते दिवस धरतात का, हेही पॉलिसीत पाहावं लागतं. आपल्याकडे खरा वेळ तिथेच जातो. आणि मुख्य क्लेम नामंजूर झाला, तर हा भत्ताही गेला.

समोरच्याची चूक असेल तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते. पण आठ दिवसांच्या किरायासाठी तिथे गेलेला ग्राहक आम्ही तरी पाहिला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसरी गाडी करताना नंबर प्लेट पाहा. चालकासह गाडी असेल तर पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं, स्वतः चालवायची असेल तर काळ्या प्लेटवर पिवळी. लग्नसराईत गावातली पांढऱ्या प्लेटची गाडी "डिझेल अन् वर हजार" या बोलीवर सर्रास जाते. खासगी गाडीच्या पॉलिसीत किरायाने वापर चालत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिचा अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते, आणि मग गाडीमालक, तुम्ही, दोघंही अडकता.

शेजाऱ्याची गाडी पैसे न देता, मागून आणली तर? चालेल, लायसन मात्र हवं. पण विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. तुमच्या हातून ठोकली तर क्लेम त्याच्या पॉलिसीवर लागेल, आणि पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला त्याचा ५० टक्के नो क्लेम बोनस (ओन डॅमेजच्या हप्त्यातली सूट) पुढच्या वर्षी शून्यावर येईल. शेजारधर्माला हे महागात पडतं.

रिन्यूअलला येताना जुनी पॉलिसी आणा, मोबाईलवर असली तरी चालेल. ॲड-ऑनचा रकाना आम्ही तुमच्यासमोर वाचून दाखवतो. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तेव्हा सकाळीच या.