चंद्रोदयाची पाऊणकी

कार्तिकातल्या संकष्टीला मुंबईत सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास उपवास सुटतो. वैशाखातल्या संकष्टीला मात्र दहा वाजून गेले तरी मोदकांवरचं झाकण निघत नाही. चतुर्थी तीच, गाव तेच, मग हा जवळजवळ पावणेदोन तासांचा फरक येतो कुठून? बहुतेक जण कॅलेंडरात छापलेली वेळ पाहतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर ही वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने तोंडी काढता येते. त्यासाठी लागते ती एक पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा.

सुरुवात तिथीपासून करू. आकाशात चंद्र आणि सूर्य यांच्यात जे अंतर पडतं ते ३६० अंशांच्या वर्तुळावर मोजायचं आणि त्याचे बारा-बारा अंशांचे तीस तुकडे करायचे. एक तुकडा म्हणजे एक तिथी. अंतर शून्य झालं की अमावास्या संपते, १८० अंश झालं की पौर्णिमा संपते. कला दिसतात त्या याच अंतरामुळे: चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, त्यातला किती आपल्याकडे वळला आहे एवढाच प्रश्न. (पृथ्वीची सावली पडून कला होतात ही समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येते. सावली पडते ती फक्त ग्रहणात.)

आता पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. बारा अंशांना झाली ४८ मिनिटं, म्हणजे जुन्या हिशोबात बरोबर दोन घटका. चंद्र रोज साधारण एक तिथी पुढे सरकतो, म्हणून त्याला क्षितिजावर आणायला पृथ्वीला रोज तेवढं जास्त फिरावं लागतं. तेवढ्या वेळात चंद्र आणखी किंचित सरकतो, आणि सरासरी उशीर ५० मिनिटांवर जातो. हिशोब तोंडी करायचा तर तिथीला पाऊण तास धरावा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो. वद्य पक्षात त्यापुढे तिथीच्या पाऊणपट तास मिळवायचे. शुद्ध पक्षात तेवढेच तास मिळवले की चंद्रास्ताची वेळ येते: शुद्ध चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी मावळतो.

हीच पाऊणकी कोकण किनाऱ्यावर भरतीसाठी चालते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईजवळ पूर्ण भरती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास येते. त्यामुळे तिथीची पाऊणपट केली की थेट घड्याळातली वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून तेव्हा उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते म्हणून भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. होडी लोटायची की नाही हे ठरवायला इतकी अचूकता पुरते. पण संकष्टीला उपाशी बसलेल्या माणसाला ती पुरत नाही, म्हणून थोडं खोलात जाऊ.

पहिली गोष्ट सोपी आहे. मुंबईत कार्तिक वद्य चतुर्थीच्या सुमारास सूर्य सहाला मावळतो, वैशाखाच्या शेवटी सात वाजून दहा मिनिटांनी. फरकातला तासाहून जास्त भाग इथेच संपला.

उरलेला भाग जास्त गमतीचा. ५० मिनिटं ही सरासरी आहे. प्रत्यक्षात हा उशीर चाळीसेक मिनिटांपासून तासाभरापर्यंत हलतो. चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाला कोणत्या कोनात छेदतो, यावर ते ठरतं. कोजागरीच्या दिवसांत हा मार्ग आपल्याकडे क्षितिजाशी पन्नासेक अंशांचा, म्हणजे बराच कललेला असतो. चंद्र त्यावरून बारा अंश सरकला तरी त्यातला काही भाग क्षितिजाला समांतर, उत्तरेकडे जातो. क्षितिजाखाली तो तितका खोल जात नाही आणि दुसऱ्या दिवशी चाळीसेक मिनिटांतच वर येतो. चैत्री पौर्णिमेला तोच मार्ग जवळजवळ उभा असतो. मग सरकलेलं सगळं अंतर सरळ खाली जातं आणि उशीर पन्नास-पंचावन्न मिनिटांचा होतो. साडेतीन तिथ्यांचा हिशोब करा: कार्तिकात सहा अधिक सुमारे दोन तास वीस मिनिटं, वैशाखात सात-दहा अधिक तीन तास. साडेतीन अशासाठी, की चतुर्थी चालू असते तेव्हा पौर्णिमेपासून तीन तिथ्या पूर्ण झालेल्या असतात आणि चौथी अर्धीमुर्धी.

उत्तरेला जावं तसा हा कल वाढतो. लंडनच्या अक्षांशावर कोजागरीच्या आगेमागे चंद्र रोज जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो. तिथली मराठी मंडळी सोयीच्या वारासाठी कोजागरी एक-दोन दिवस पुढे ढकलतात, तेव्हा चंद्र त्यांना फारसं ताटकळत ठेवत नाही.

मार्गाच्या या कलामुळे कोरीचं रूपही बदलतं. कोरीची उजळ कड नेहमी सूर्याकडे असते. फाल्गुन-चैत्राच्या संध्याकाळी मावळलेला सूर्य आपल्याकडे कोरीच्या जवळजवळ थेट खाली असतो, म्हणून द्वितीयेची कोर आडवी, दोन्ही टोकं वर करून दिसते. कपाळावरची चंद्रकोर आपण तशीच रेखतो. मोबाइलमधल्या चित्रांत ती उभी असते. ती उत्तरेकडच्या देशांतली कोर आहे, आपली नव्हे.

तिसरं कारण चंद्राचा वेग. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीपासून सुमारे ३,६३,००० किलोमीटरवर असतो तेव्हा तो भरभर जातो, ४,०५,००० किलोमीटरवर रेंगाळतो. म्हणून तिथीही कधी वीस तासांत आटोपते, कधी सत्तावीस तासांपर्यंत ताणते. पंचांगातली तिथी सूर्योदयाला जी चालू असेल ती. छोटी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली की तिचा क्षय, आणि लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना सापडली की वृद्धी. यात शुभाशुभ काही नाही.

चंद्रोदयाच्या महिनाभराच्या तक्त्यात एक रकाना रिकामा सापडतो. बऱ्याच जणांना ती छपाईची चूक वाटते. समजा १० तारखेला रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी चंद्र उगवला. पुढचा उदय ५० मिनिटं उशिरा, म्हणजे १२ वाजून २५ मिनिटांनी. पण तोवर १२ तारीख लागलेली असते. ११ तारखेला चंद्र उगवलाच नाही! हे वद्य अष्टमीच्या आसपास घडतं, कारण तेव्हाचा चंद्रोदय मध्यरात्रीचा. (जन्माष्टमीला कृष्णजन्माच्या वेळी चंद्र उगवतो तो म्हणूनच.) चंद्रास्ताचा रिकामा रकाना शुद्ध अष्टमीच्या बाजूला शोधावा. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सुरू होत असल्याने त्याच्या हिशोबात चंद्रोदयाची ही खाच अमावास्येपाशी पडते. तिथे चंद्र तसाही दिसत नसतो.

छापलेली वेळ कुठली, हेही पाहावं. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, त्यामुळे नागपुरात चंद्र वीस ते तीस मिनिटं आधी उगवतो. शिवाय ही वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजाची असते. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा डोंगर किंवा टॉवर पूर्वेला असेल तर चंद्र दिसायला आणखी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा. श्रावणातल्या ढगाळ रात्री मात्र तक्त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

परदेशात तर तारीखच बदलू शकते. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तो संकष्टीचा दिवस. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि संपते. चंद्र मात्र जिथे-तिथे आपापल्या वेळी उगवतो. समजा उन्हाळ्यात, भारतात चतुर्थी शनिवारी रात्री अकराला लागली आणि रविवारी रात्री अकराला संपली. मुंबईत रविवारी दहाच्या चंद्रोदयाला चतुर्थी आहे, तेव्हा संकष्टी रविवारी. न्यू जर्सीत हीच चतुर्थी शनिवारी दुपारी दीडला लागून रविवारी दुपारी दीडला संपते. रविवारी रात्री तिथे चंद्र उगवेल तो पंचमीचा. त्यांची संकष्टी शनिवारीच, आणि मुंबईहून फोनवर विचारून धरलेला रविवारचा उपवास एक दिवस उशिराचा.