तीळ, मस आणि चुन्याचा ठिपका

त्वचेवरच्या काळ्या ठिपक्याला आपण तीळ म्हणतो आणि तोच ठिपका वर उचलून आला की त्याला मस म्हणतो. हा भेद फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘तिलकालक’ म्हणजे तिळाएवढा, काळा, न दुखणारा आणि त्वचेच्या पातळीतच राहणारा डाग, तर ‘मशक’ म्हणजे उडदासारखा काळा, घट्ट, न दुखणारा पण वर आलेला उंचवटा, अशी दोन वर्णने दिलेली आहेत. हे डाग शस्त्राने कापून काढावेत आणि मग ती जागा क्षाराने किंवा अग्नीने जाळावी, असा उपचारही तेथे सांगितला आहे. आजच्या दवाखान्यातले रेडिओफ्रिक्वेन्सीचे यंत्र किंवा लेसर तत्त्वतः त्या अग्नीचेच काम अधिक नेमकेपणाने करतात. मात्र प्राचीन वैद्याला उपलब्ध नसलेले एक साधन आज आपल्या हाताशी आहे, ते म्हणजे सूक्ष्मदर्शक. तीळ काढण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या साधनाचा आग्रह धरला पाहिजे, आणि त्याचे कारण समजण्यासाठी तीळ मुळात काय असतो हे पाहावे लागते.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. गर्भावस्थेत या पेशी मज्जारज्जू जेथे आकार घेत असतो त्याच्या कडेला जन्मतात आणि तेथून प्रवास करत साऱ्या त्वचेत पसरतात. प्रत्येक रंगपेशी आपल्या फांद्यांसारख्या टोकांमधून शेजारच्या सुमारे ३६ पेशींना मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याचे कण किती मोठे आहेत, किती आहेत आणि कसे पसरले आहेत यामुळे. एरवी एकेकट्या राहणाऱ्या या पेशी जेव्हा एका जागी पुंजका करून राहू लागतात, तेव्हा त्या जागी तीळ दिसतो.

पुंजका का होतो, याचे उत्तर मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटते. एखाद्या रंगपेशीच्या जनुकात, बहुतेक वेळा ‘बीरॅफ’ नावाच्या जनुकात, एक छोटा बदल होतो आणि ती पेशी विभागत सुटते. मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगातही पुष्कळदा हाच बदल सापडतो, त्यामुळे निरुपद्रवी तिळांपैकी बहुसंख्य तिळांतही तो आढळतो हे २००३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याकडे साऱ्यांचे लक्ष वेधले गेले. मात्र तिळातल्या पेशी काही काळ वाढून थांबतात. पेशीतच असलेली रोखणारी यंत्रणा जागी होते, विभाजन बंद पडते आणि पुंजका आहे तेवढाच वर्षानुवर्षे राहतो. म्हणजे आपल्या अंगावरचा साधा तीळ हा शरीराने वेळीच थांबवलेल्या वाढीचा पुरावा आहे. एखादा विशिष्ट तीळ पुढे कर्करोगात बदलण्याची शक्यता अत्यंत कमी असते आणि बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळावर न होता पूर्वी काहीही नसलेल्या त्वचेवर उद्भवतात. म्हणूनच भीतीपोटी अंगावरचे सगळे तीळ काढून टाकण्याने फारसे काही साधत नाही.

तीळ वयाप्रमाणे, वर्षानुवर्षांत सावकाश बदलतो आणि हा बदल रोगाचे लक्षण नसतो. लहानपणी तो सपाट व गडद असतो, कारण पेशींचे पुंजके वरच्या थराच्या तळाशी असतात. पुढे पुंजके खालच्या थरात उतरू लागतात, तीळ उंच होतो, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या गालावर तोच तीळ मऊ, त्वचेच्याच रंगाचा आणि कधी केस आलेला मस होऊन बसतो. मसातून केस येणे वाईट असते, असा समज अनेक घरांत आहे. त्याला आधार नाही. तो केस कात्रीने कापला तरी चालतो, उपटून जागा चिघळवू नये इतकेच.

तीळ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी तीळ नसतातच. चामखीळ ही विषाणूमुळे होते, तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि ती एका जागेवरून दुसरीकडे किंवा दुसऱ्या व्यक्तीकडे पसरू शकते. तीळ कधीही पसरत नाही. मानेवर किंवा काखेत देठाला लोंबणारे मऊ मस वजन वाढलेल्या आणि मधुमेह असलेल्या लोकांत अधिक दिसतात, त्यामुळे ते एकदम बरेच आले असतील तर ते काढण्याआधी रक्तातली साखर तपासून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. चाळिशीनंतर गालांवर आणि डोळ्यांखाली येणारे बारीक काळे दाणे सावळ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः स्त्रियांत, फार आढळतात. पुष्कळदा ते आईकडून मुलीकडे आलेले असतात आणि निरुपद्रवी असतात. तान्ह्या बाळाच्या कंबरेखालचा निळसर डागही तीळ नव्हे आणि मार लागल्याची खूणही नव्हे. तो बहुधा शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आपोआप फिका होतो. डोळ्याभोवती एकाच बाजूला पसरलेला करडा-निळा डाग मात्र नेत्रतज्ज्ञालाही दाखवावा, कारण अशा काही जणांत डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो.

आता काळजीचा भाग. भारतात मेलॅनोमा विरळ आहे, आणि तो विरळ असल्यामुळेच उशिरा ओळखला जातो. पाश्चात्त्य देशांतल्या गोऱ्या लोकांत तो उन्हाने होरपळलेल्या पाठीवर आणि पायांवर होतो. आपल्याकडे त्याच्या आवडत्या जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालची त्वचा, जिथे उन्हाचा फारसा संबंध येत नाही. प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलॅनोमा १९७७ साली आढळला आणि १९८१ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ही माहिती फार महत्त्वाची आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात अनवाणी राबणारा शेतकरी असो किंवा आषाढीला अनवाणी पंढरपूर गाठणारा वारकरी असो, तळपायावरचा काळा डाग हा कुरूप, रुतलेला काटा किंवा ठेचेची खूण म्हणून सहज सोडून दिला जातो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

फरक ओळखण्याचे काही मार्ग आहेत. ठेच लागून नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत डागाच्या मागे स्वच्छ नख दिसू लागले पाहिजे. डाग जागचा हलत नसेल, नखाच्या मुळापासून निघालेली काळी रेघ रुंद होत असेल किंवा तो काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नये. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर पूर्वापार असलेल्या बारीक, सारख्या रेघा मात्र सामान्य असतात. तळपायावरचा डाग अलीकडे उगवला असेल, वाढत असेल, चिघळून बरा होत नसेल, तर त्यावर कुरूपाच्या पट्ट्या चिकटवत बसू नये.

अंगावरच्या इतर तिळांसाठी न्यूयॉर्कच्या त्वचातज्ज्ञांनी १९८५ साली एक साधी पारख सुचवली आणि पुढे तिच्यात भर पडली. तिळाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत, कडा फाटक्या किंवा अस्पष्ट आहेत, एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर, निळसर असे अनेक रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आहे, किंवा तो गेल्या काही महिन्यांत बदलतो आहे, या त्या खुणा आहेत. माझ्या मते यातली शेवटची खूण सर्वांत मोलाची आहे. तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी: एका माणसाच्या अंगावरचे तीळ बहुधा एकमेकांसारखे दिसतात, म्हणून त्यांत एखादाच वेगळा दिसत असेल तर तो दाखवावा. जन्मतःच असलेल्या आणि मोठा भाग व्यापणाऱ्या तिळावर लहानपणापासून लक्ष ठेवावे लागते. वेळेला किती किंमत आहे हे एका आकड्यावरून कळेल. मेलॅनोमाची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असताना तो पूर्ण काढला, तर पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. जाडी वाढत जाते तसा हा आकडा झपाट्याने खाली येतो.

तीळ काढण्याची कारणे अनेक असतात. दाढी करताना तो कापला जातो, मंगळसूत्र किंवा चोळीची कड त्यावर घासते, किंवा चेहऱ्यावर तो नकोसा वाटतो. यातले कोणतेही कारण कमी प्रतीचे नाही. त्वचातज्ज्ञ प्रथम डर्मॅटोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगातून तीळ पाहतात. वर आलेला साधा मस असेल तर लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तेवढी जागा बधिर करतात, मस पात्याने त्वचेच्या पातळीत तासून घेतात आणि तळ रेडिओफ्रिक्वेन्सीने समतल करतात. यात टाके लागत नाहीत, मात्र खोलवरच्या पेशी उरल्यास काही महिन्यांनी रंग परत येऊ शकतो. छोटा पण खोल तीळ गोल पात्याने पूर्ण जाडीसह काढता येतो. मोठा किंवा संशयास्पद तीळ कापून काढायचा असतो तेव्हा त्वचेच्या नैसर्गिक सुरकुत्यांच्या दिशेने डोळ्याच्या आकाराचा छेद घेतात. त्याची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट असते, कारण त्याशिवाय टाके घातल्यावर टोकांना चुण्या पडतात. म्हणूनच तीळ लहान असूनही व्रणाची रेघ लांब का, असा प्रश्न रुग्णांना पडतो. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत आणि हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात.

कार्बन डायऑक्साइड लेसर पेशींतल्या पाण्याची वाफ करून तीळ नाहीसा करतो. जागा लवकर भरते आणि चेहऱ्यावर परिणाम चांगला दिसतो, पण तपासायला तुकडाच उरत नाही. त्यामुळे शंका असलेल्या तिळावर लेसर कधीही वापरू नये. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे हा उपचार चामखिळीला योग्य आहे. आपल्या वर्णावर त्याने कायमचा पांढरा डाग राहू शकतो, त्यामुळे तिळासाठी तो टाळलेला बरा.

आणि मग येतो चुना. तंबाखूच्या डबीतला चुना आणि धुण्याचा सोडा कालवून त्याचा ठिपका तिळावर ठेवण्याचा उपाय आजही सांगितला जातो आणि केलाही जातो. चुना आणि सोडा ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यापासून कॉस्टिक सोडा, म्हणजे एक तीव्र अल्कली, तयार होतो. आम्लाने भाजल्यावर पेशी गोठून एक थर बनतो आणि आम्ल बरेचसे तेथेच अडते. अल्कली मात्र पेशींतले मेद आणि प्रथिने विरघळवत खोल शिरत राहते, वरून पुसून टाकले तरी. या उपायाने तीळ जातो, पण त्याच्या जागी खड्डा, काळा वळ किंवा केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, येतो. छाती, खांदा आणि जबड्याची कड या जागी केलॉइडचा धोका अधिक असतो. याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तो तीळ कोणत्या जातीचा होता हे सांगू शकणाऱ्या सगळ्या पेशी त्या ठिपक्याने नष्ट केलेल्या असतात. घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने मस आवळून पाडण्यातही हाच तोटा आहे. तीळ कापल्याने कर्करोग होतो, ही समजूत खरी नाही. कर्करोग आधीच असलेला तीळ अर्धवट जाळला गेला आणि तो खालून वाढत राहिला, अशा घटनांतून ती रूढ झाली असावी.

काढल्यानंतरचे पहिले काही आठवडे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये अवघड जातात. पारा चाळिशी ओलांडतो आणि कोवळी नवी त्वचा उन्हात पटकन काळवंडते, त्यामुळे केवळ दिसण्यासाठी करायचे काम असेल तर ते दिवाळीनंतर करावे. जखम भरेपर्यंत मलम लावून ती ओलसर ठेवावी, खपली ओढू नये, आणि जखम भरल्यावर तीन महिने तरी सनस्क्रीन व पदराचा किंवा टोपीचा आडोसा असावा. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी आणि पूर्वी आलेला केलॉइड यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. मात्र बदलणारा तीळ किंवा तळपायावरचा वाढता डाग असेल तर ऋतूची वाट पाहू नये. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोग आणि (काढलेला तुकडा तपासणारा) विकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत जातो, मेणात बसवला जातो, त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचे काप रंगवून काचपट्टीवर घेतले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ ते पाहून अहवाल देतात. हा अहवाल मागून घ्यावा आणि तीळ शरीरावर नेमका कोठे होता हे त्यावर लिहून तो जपून ठेवावा. कारण अपुऱ्या निघालेल्या तिळाचा रंग व्रणात परत आला, तर सूक्ष्मदर्शकाखाली तो मेलॅनोमासारखा भासू शकतो, आणि त्या वेळी निदान करणाऱ्याला पहिली काचपट्टी पाहायला मिळाली नाही तर निरोगी माणसावरही कर्करोगाचे उपचार सुरू होण्याची शक्यता असते.