आमच्या फुकेत सहलीत हॉटेलचा नाश्ता का नसतो?

फुकेतची चौकशी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातून हा प्रश्न येतोच: "बाकीचे सगळे ब्रेकफास्टसकट पॅकेज देतात, तुम्ही का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. परका देश, त्यात घरात एखादं माणूस शाकाहारी असलं की सकाळचं खाणं तरी हॉटेलात मिळावं असं वाटणारच. फोनवर याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहून दिलं आहे. विमानाची तिकिटं काढण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचा.

फुकेत म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पातोंग, म्हणजे पश्चिमेचा किनारा. तिथे रात्र मोठी असते. पण बेटाचं खरं गाव आहे पूर्वेच्या बाजूला. कथिलाच्या खाणींमुळे इथे चिनी कामगार आणि व्यापारी आले, त्यातले काही गब्बर झाले आणि त्यांनी थालांग रस्त्यावर, सोई रोमानीत ती रंगीत, कमानींची दुमजली घरं बांधली. 2015 साली युनेस्कोने फुकेतला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. ज्या खाण्यामुळे हा मान मिळाला, त्यातलं बरंचसं याच जुन्या गावात शिजतं आणि त्यातलंही पुष्कळ सकाळीच संपतं.

आमच्या प्रवाशांचा वेळ नेमका इथेच वाया जातो. नाश्त्याचे पैसे भरलेले असतात, मग खाऊनच निघायचं. नऊला सगळे खाली येतात, दहापर्यंत बुफे चालतो, मुलांचं आवरून गाडी निघते अकराला. तोवर रानोंग रस्त्यावरच्या बाजाराचा भर ओसरलेला असतो. शाकाहारी दुकानांतली निम्मी पातेली घासायला गेलेली असतात. देवळाच्या उघड्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. पोट भरलेलं, त्यामुळे समोर आलेलं काही चाखावंसंही वाटत नाही. मग दोन-अडीचला भूक लागते, भारतीय रेस्टॉरंटची शोधाशोध सुरू होते आणि डोंगर ओलांडून पातोंग गाठलं जातं. अंतर पंधराएक किलोमीटर, पण घाटात गाड्यांची रांग लागली की संध्याकाळ तिथेच गेली. आणि एवढं करून घरी आल्यावर म्हणायचं, "फुकेतमध्ये बीचशिवाय काही नाही."

म्हणून आम्ही पहिल्या दोन रात्री जुन्या गावात ठेवतो आणि खोली नाश्त्याशिवाय घेतो. नाश्त्याचे पैसे पॅकेजमधून वजा केलेले असतात. कोटेशन शेजारी ठेवून ताडून पाहा. समुद्र नंतरच्या दिवसांत आहेच, त्यात काही काटछाट नाही.

आता सकाळचं. साडेसहाला हॉटेलबाहेर पडायचं. आधी रानोंग रस्त्यावरचा बाजार. इथे तयार वाटणाचे लाल, पिवळे, हिरवे ढीग परातीत रचलेले असतात आणि वजनावर मिळतात. शेजारी सातोच्या लांब, पिळदार शेंगा, कोवळं गलांगल (आल्यासारखं एक कंद), ताजी मिरी आणि फुकेतचा छोटा, करकरीत, गोड अननस. वाटण घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: यातल्या बहुतेक वाटणांत कापी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, आधीच मिसळलेला असतो. आणि घेतलंच तर मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

मांसाहाऱ्यांनी सकाळी खनोम चीन खावं. आपल्या कोकणातल्या शिरवळ्यांसारख्या तांदळाच्या मऊ शेवया, वर नारळाच्या दुधातली माशाची आमटी, आणि टेबलावर कच्च्या भाज्या, कोवळा पाला, लोणच्यांच्या ताटल्या मांडलेल्या. त्या ताटल्यांतलं लागेल तेवढं घ्यायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. थालांग रस्त्यावर मुसलमान कुटुंबांची रोटीची दुकानं आहेत. तेलात मुरवलेला कणकेचा गोळा ओट्यावर आपटून आपटून पारदर्शक होईपर्यंत पसरतात, चारी बाजूंनी दुमडतात आणि तव्यावर टाकतात. सोबतच्या रश्श्यात कोंबडी असते, तसं गोमांसही असतं, म्हणून मागवण्याआधी विचारा. नुसती रोटी साखर आणि कंडेन्स्ड मिल्क घालून मागितली तर मुलं दुसरी मागतात.

शाकाहाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. "व्हेज" या शब्दावर विसंबू नका. भाजी व्हेज म्हणून येते आणि आत नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, नाहीतर ऑयस्टर सॉस असतो. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुका जवळा कुटलेला असतो. तिथे शब्द वापरायचा तो "जे". पिवळ्या कापडावर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसला की निर्धास्त आत जा. मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण, काहीही नाही. रानोंग रस्त्यावर जुई तुई या चिनी देवळाच्या आसपास अशी दुकानं आहेत. भातावर दोन-तीन भाज्या बोटाने दाखवून घ्यायच्या. त्यात हुबेहूब कोळंबी किंवा मांसाचा तुकडा दिसेल आणि घरातल्या ज्येष्ठांचा हात थांबेल. ते सोयाबीनचं नाहीतर गव्हाच्या सत्त्वाचं असतं, घाबरू नका. जैन मंडळींनी मात्र विचारून घ्यावं, कारण जेमध्ये मुळा, अळकुड्या, मशरूम चालतात. ही दुकानं पहाटे उघडतात आणि बरीचशी दुपारी बंद होतात. आमचा साडेसहाचा आग्रह प्रामुख्याने शाकाहारी प्रवाशांसाठीच आहे.

पोटपूजा झाली की "वाट चलोंग" गाठायचं (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ), ऊन चढायच्या आत. बेटावरचं हे सर्वांत मानाचं बौद्ध मंदिर. 1876 साली खाण कामगारांच्या चिनी टोळ्यांनी उठाव केला, तेव्हा इथले भिक्षू लुआंग फो चेम गावकऱ्यांना धीर देत पाय रोवून राहिले. त्यांची मूर्ती इथे आहे आणि भाविक तिच्यावर सोन्याचा वर्ख चिकटवतात. वर्ख इतका पातळ की पंख्याच्या वाऱ्याने अर्धवट सुटून मूर्तीवर फडफडत असतो. अंगणात विटांची भट्टीसारखी एक उंच बांधणी आहे. अचानक तिच्यातून फटाक्यांचा कडकडाट होतो. कुणाचा तरी नवस पुरा झालेला असतो. तान्ह्या मुलांना तिच्यापासून लांब धरा.

कपड्यांबद्दल दरवेळी सांगावं लागतं: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. परस्पर बीचवर जायचं म्हणून हाफ पँटवर येऊ नका. बसताना तळपाय बुद्धमूर्तीकडे करू नका आणि स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, त्यांच्या हातात थेट वस्तूही देऊ नये.

नवरात्राच्या सुमारास जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस फुकेतमध्ये शाकाहाराचा उत्सव असतो, गल्लोगल्ली पिवळी निशाणं लागतात आणि अख्खं गाव आपल्याला खाता येईल असं रांधतं. पण आपलं कॅलेंडर बघून तारखा ठरवू नका. 2024 मध्ये तो आणि नवरात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकत्रच आले. 2025 मध्ये मात्र नवरात्र सप्टेंबरात बसलं आणि उत्सव गेला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. तारखा आमच्याकडून घ्या. आणि मिरवणुकीत अंगात आलेले भक्त गालांतून सळ्या आरपार घालतात, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर त्या सकाळी वेगळा बेत ठेवू.

रविवारी संध्याकाळी थालांग रस्ता वाहनांना बंद होतो आणि लात याई हा बाजार भरतो. तिथे ओ-एव खा: बर्फाचा कीस, खाली पारदर्शक जेली, वर लाल सरबत. हा बाजार रविवारीच असतो. शनिवारी रात्री परतीचं तिकीट काढून मग "तो बाजार दाखवाल ना?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तिथे आमचाही इलाज चालत नाही, म्हणून तिकिटाआधी एक फोन करा. त्याचे पैसे लागत नाहीत, सहल आमच्याकडून घ्या किंवा घेऊ नका.

नोंदणी करताना तीन गोष्टी सांगा: घरात कोण काय खात नाही, कुणाला पहाटे औषधं किंवा चहा लागतो का, आणि चालायचा त्रास कुणाला आहे का. बाजारात आणि लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. वीस, पन्नास आणि शंभर बाहतच्या नोटा जवळ ठेवा. हजाराची नोट सकाळी सातला मोडून मिळत नाही. एवढं सगळं वाचूनही हॉटेलचाच नाश्ता हवा असेल तर तसं कळवा, जास्तीची रक्कम घेऊन तो जोडून देऊ. मात्र त्या दिवसाच्या आखणीतून रानोंगचा बाजार आणि जेची दुकानं वगळलेली असतील.